कोणाला पाडायचं?

निवडणूक लागली की आमच्या चिंचपाड्याला स्टेशनकडच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, शेताच्या बांधावर एकच प्रश्न ऐकू येतो. "यंदा कोणाला पाडायचं?" कोणाला निवडून आणायचं, असं विचारणारा माणूस मी माझ्या साठ-बासष्ट वर्षांत फार थोड्या वेळा पाहिला. आपली बोलीच तशी आहे. उमेदवार 'उभा' राहतो, आणि उभं दिसलं की पाडावंसं वाटतं. चिंचा पाडतात, आंबे पाडतात, व्यापारी भाव पाडतात, तसा उमेदवारही पाडतात.

आमचा नवापूर तालुका गुजरातच्या अंगाला. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत. घरात आम्ही मावची बोलतो, बाजारात अहिराणी, सुरतकडं गेलो की गुजराती, आणि सरकारी कागद हातात आला की मराठी. विधानसभा आणि लोकसभा, दोन्ही जागा आदिवासींसाठी राखीव. त्यामुळं उभे राहणारे सगळे आपल्यातलेच, गावित, नाईक, वळवी, पाडवी. कोण कोणाचा मामा, कोण कोणाचा साडू. अशा ठिकाणी एकाला मत दिलं म्हणजे दुसऱ्याला 'नाही' म्हटलं, आणि ते 'नाही' पुढं चार लग्नांत आणि दोन मयतांत आठवणीनं निघतं.

तरी लोक पाडायचे तेव्हा पाडतात. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत सलग नऊ वेळा नंदुरबारमधून लोकसभेवर गेले. २०१४ ला हीना गावितांनी त्यांना हरवलं. २०२४ ला गोवाल पाडवींनी हीना गावितांना हरवलं. विधानसभेला २००९ साली सुरूपसिंग नाईकांसारखा जुना जाणता माणूस शरद गावितांकडून हरला, आणि पाच वर्षांनी पुन्हा निवडून आला. दर वेळी निकालाच्या दिवशी गावात शब्द कोणता? 'पाडला.' जिंकलेल्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं.

आता गंमत अशी की, पाडायचं म्हणून जो मतदानाला जातो, त्याच्या हातात पाडायचं बटण नसतंच. यंत्रावर सगळी बटणं चढवायची. एकाला खाली ओढायचं असेल तर दुसऱ्याला वर ढकलावं लागतं, मग तो दुसरा मनात असो की नसो. आमच्या पिढीची निम्मी मतं अशीच गेली असतील. ज्याला मत दिलं त्याच्यावर प्रेम नव्हतं, समोरच्यावर राग होता.

मी पहिलं मत दिलं १९८४ ला. तेव्हा एकवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय मत नव्हतं. अठराचा कायदा नंतर आला. कागदी पत्रिका, शाईचा शिक्का, आणि घडी घालून पेटीत टाकायचं. त्या काळी 'कोणीच नको' म्हणायची आमची एक जुनी रीत होती. शिक्का कुठंच मारायचा नाही, नाहीतर सगळ्या चिन्हांवर मारायचा. आमच्या पाड्यातला एक म्हातारा सगळ्यांवर शिक्का मारून यायचा. विचारलं की म्हणायचा, "सगळे हात जोडून गेले. एकाचं नाक का कापू?" आम्ही हसायचो. पण म्हातारा खुळा नव्हता. त्याच्या उसनवारीत तिन्ही पक्षांची माणसं होती. मोजणीत त्याची पत्रिका 'बाद' या गठ्ठ्यात जायची. तिथं चुकून दोन शिक्के मारणारा आणि जाणून मारणारा एकाच दोरीनं बांधला जायचा. त्याचं 'नाही' कोणाला ऐकूच गेलं नाही.

पुढं कायद्यात एक वाट आली. १९६१ च्या निवडणूक नियमांत ४९-ओ नावाचं कलम होतं. केंद्रावर जायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, आणि मग केंद्राध्यक्षाला सांगायचं की मला मत द्यायचं नाही. तो रजिस्टरात तसा शेरा लिहिणार आणि त्यापुढं तुमची सही किंवा अंगठा घेणार. आता गावातलं केंद्र डोळ्यासमोर आणा. शाळेची एक खोली, भिंतीला लागून बाकावर पक्षांचे एजंट, म्हणजे एक चुलतभाऊ, एक मेहुणा, आणि एक ज्याच्याकडून तुम्ही बियाणं उधार आणलं तो. त्यांच्यासमोर मोठ्यानं 'मला कोणीच नको' म्हणणारा माईचा लाल आमच्या तालुक्यात तरी मी पाहिला नाही. मत देणाऱ्याचं गुपित राखलं जायचं, न देणाऱ्याचं उघडं पडायचं.

याच मुद्द्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था २००४ साली सुप्रीम कोर्टात गेली. २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल लागला की 'नाही' म्हणणाऱ्याचं गुपितही गुपितच राहिलं पाहिजे, त्यासाठी यंत्रावर वेगळं बटण द्या. त्याच वर्षाच्या शेवटी मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, दिल्ली आणि मिझोरामच्या निवडणुकांत ते बटण लागलं. आपल्याकडं २०१४ ला आलं. सगळ्यांत खाली असतं. त्याला 'नोटा' म्हणतात, आमच्याकडचे जुने लोक 'खालचं बटण' म्हणतात. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, हे बटण दाबलं की नोटा मिळतात.

माझ्या धाकट्या मुलानं एका निवडणुकीत ते दाबलं. कोणत्या, ते सांगत नाही. रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, मी कोणालाच नाही दिलं." त्याची आई म्हणाली, "मग उन्हात लाईन कशाला लावली? घरी बसायचं होतं." तो म्हणाला, "घरी बसलेल्याला लोक आळशी म्हणतात. मी आळशी नाही, नाराज आहे. ते कुठंतरी लिहिलं गेलं पाहिजे." मला त्याचं बोलणं पटलं. आळशी आणि नाराज यांतला फरक कागदावर दिसला पाहिजे, हे खरंच. पण मी त्याला पुढचं विचारलं, "लिहिलं गेलं, त्यानं झालं काय?"

झालं काय ते लातूरकडं बघून कळतं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटा दुसऱ्या नंबरवर आला. युतीत ती जागा शिवसेनेला सुटली होती, नाराजी मोठी होती, आणि सत्तावीस हजारांवर लोकांनी खालचं बटण दाबलं. त्याच निवडणुकीत सांगली जिल्ह्यात पलूस-कडेगावलाही नोटा दुसरा, वीस हजारांवर मतं. पुढं २०२४ च्या लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागं घेतला, तर दोन लाखांहून जास्त लोकांनी नोटा दाबला. तिन्ही ठिकाणी निवडून यायचा तो आला, तोही दणक्यात. कारण नियम असा की नोटाची मतं मोजायची, जाहीर करायची आणि बाजूला ठेवायची. उद्या शंभरातल्या नव्वदांनी नोटा दाबला, तर उरलेल्या दहांत ज्याला सहा पडली तो आमदार. पीक पाहणीला तलाठी आला, 'पीक गेलं' असं लिहून घेतलं, आणि पंचनाम्याचा कागद कपाटात ठेवला, तर शेतकऱ्याला जे वाटतं तेच माझ्या पोराला वाटलं.

आपल्या राज्याच्या निवडणूक आयोगानं गावपातळीवर मात्र एक पाऊल पुढं टाकलं. काही ग्रामपंचायतींत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली आणि तरी मागचा माणूस निवडून आला, असं घडलं होतं. तेव्हा नोव्हेंबर २०१८ मध्ये आयोगानं आदेश काढला की स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत नोटा पहिला आला तर ती निवडणूक रद्द करून नव्यानं घ्यायची. म्हणजे माझं एकच बोट ग्रामपंचायतीला जे बटण दाबतं त्याला थोडे दात आहेत, आणि आमदारकीला तेच बटण बोळकं आहे.

आता पाडापाडीचा हिशेब बघा. समजा एका पाड्यात शंभर मतं आहेत आणि तिघं उभे आहेत. चाळीस एकाला पडली, पस्तीस दुसऱ्याला, पंचवीस तिसऱ्याला. चाळीसवाला निवडून आला. पण साठ जणांना तो नको होता. कोणी लबाडी केली नाही, कोणी मतपेटी पळवली नाही. मोजायची रीतच अशी की ज्याला इतरांपेक्षा जास्त, तो पुढं. हे एकदा ध्यानात आलं की साठांतले हुशार लोक पुढच्या वेळी मनातला माणूस सोडून देतात आणि जो चाळीसवाल्याला पाडू शकेल त्याला मत देतात. "आपला माणूस चांगला आहे, पण येत नाही. मत वाया कशाला?" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. २०२४ च्या विधानसभेला नवापुरात शिरीषकुमार नाईक शरद गावितांच्या पुढं राहिले ते फक्त १,१२१ मतांनी. एवढी मतं दोन-चार पाड्यांत भरतात. तेव्हा आमच्याकडं कोण कोणाला पाडायला उभा राहिला, कोणी कोणाची मतं खाल्ली, याचा हिशेब पुढं कितीतरी दिवस शेकोटीवर चालला होता.

दुसरी रीत नसतेच असं नाही. ती माझ्याच घरात आहे. माझी मोठी सून आश्रमशाळेत माध्यमिकला शिकवते. नाशिक विभागाच्या शिक्षक मतदारसंघात तिचं नाव आहे. विधान परिषदेच्या त्या निवडणुकीत अजून कागदच असतो. त्यावर शिक्का मारायचा नाही, नावापुढं आकडे लिहायचे. पहिली पसंती १, मग २, मग ३, जितके हवे तितके. कोणालाच ठरलेला कोटा गाठता आला नाही तर सगळ्यांत मागच्याला काढतात, आणि त्याच्या कागदांवरची दुसरी पसंती ज्याची असेल त्याच्या गठ्ठ्यात ती मतं जातात. सून म्हणाली, "बाबा, मनातल्याला एक लिहिला, बरा वाटला त्याला दोन. नको असलेल्यासमोर काहीच नाही लिहिलं." मी म्हटलं, म्हणजे तुला वाया जायची भीतीच नाही. एकाच चुलीवर जेवणारी आम्ही माणसं. तिच्या हातातला कागद तिला मनातलं बोलू देतो, आणि माझ्या बोटाखालचं यंत्र मला हिशेब करायला लावतं. ती दहावीनंतर शिकली म्हणून शहाणी झाली असं नाही. मोजायची रीत बदलली की माणसाचं वागणं बदलतं.

फ्रान्स देशात राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून जास्त मतं लागतात. नाही पडली तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. २००२ साली तिथं दुसऱ्या फेरीत शिराक यांना शंभरात ब्याऐंशी मतं पडली. पहिल्या फेरीत त्यांना वीससुद्धा नव्हती. बाकीची आली कुठून? समोरचा ल पेन नको म्हणून आली. म्हणजे पाडायला जाणारे आम्हीच एकटे नाही. फरक एवढाच, की त्यांना मनातलं बोलायला आधी एक फेरी मिळते.

आणि एक रीत अशी आहे की तिथं 'नाही' म्हणायला जागाच उरत नाही. ती म्हणजे बिनविरोध. गावात भांडणं नकोत, खर्च नको, म्हणून बिनविरोध करा, असं मोठी माणसं सांगतात, बक्षिसं जाहीर करतात. सलोख्यानं झालं तर मलाही आवडतं. पण आमच्याच जिल्ह्यात, नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीला आणि नाशिककडं उमराण्याला, पदांचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली. बैल बाजारात बोली लागते तशी गावच्या खुर्चीची बोली. बिनविरोध झालं की यंत्र गावात येत नाही. यंत्र नाही म्हणजे खालचं बटणही नाही. ज्याच्याकडं बोलीचे पैसे नाहीत आणि पॅनलही नाही, त्याचं 'नाही' त्याच्या घशातच राहतं.

हे सगळं मला इतकं बारीक का बघावंसं वाटलं, त्याचं कारण माझी धाकटी बहीण.

तिच्या सासरचं गाव मोठं, रस्त्यावरचं. गावाचं नाव घेत नाही. तिथं देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं. तिचा मोठा मुलगा, माझा भाचा, चौतीस वर्षांचा असताना दारूनं गेला. आधी पोट फुगलं, मग डोळे हळदीसारखे पिवळे झाले. तिनं बैलजोडी विकली, दोन दवाखाने केले, शेवटी घरी आणला. मागं बायको आणि दोन लहान पोरी. दिवसकार्य झालं आणि महिन्याभरात बहीण उठली. दुकान बंद करायचं म्हणाली.

आपल्या राज्यात त्यासाठी एक मतदान आहे. २००८ च्या शासनाच्या आदेशानं ते चालतं. गावातल्या मतदार बायांपैकी पंचवीस टक्क्यांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. उत्पादन शुल्क खात्याची माणसं सह्या तपासतात. मग गुप्त मतदान होतं. पत्रिकेवर दोन चित्रं. एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं तर उभी, बंद करायचं तर आडवी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही समजावून सांगावं लागत नाही. तिनं ती बाटली आपल्या घरात उभीही पाहिलेली असते आणि तिच्यामुळं आडवा झालेला माणूसही.

बहिणीनं आणि आणखी पाच-सहा जणींनी घरोघर फिरून सह्या आणि अंगठे घेतले. गावातले बाप्ये हसायचे. "उद्या लग्नात दूध वाटशील का?" एकानं तर देवच मध्ये घातला, मोहाच्या धारेशिवाय देव बसत नाही म्हणाला. बहीण म्हणाली, "देवाची धार वेगळी, दुकानातली बाटली वेगळी. देवानं माझा पोरगा नाही मागितला." पुढं कोणी बोललं नाही.

मतदान लागलं माघ महिन्यात. मी त्या दिवशी गेलो होतो, पण केंद्राच्या आत बाप्यांना जायला नव्हतं. आम्ही लांब लिंबाखाली बसलो. बाया सकाळपासून लाईनीत. एका म्हातारीला तिच्या नातवानं पाठकुळी घेऊन आणलं. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीचा गठ्ठा हातभर, उभीची चार-दोन बोटं. बायांनी तिथंच एकमेकींना मिठ्या मारल्या. आणि मग अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं की ठराव नामंजूर, दुकान राहील.

बहिणीला ते कळेचना. माझ्याकडं आली. "दादा, आम्ही जिंकलो ना? मग हरलो कशा?"

नियम असा आहे की आलेल्या बायांच्या निम्म्या चालत नाहीत. मतदार यादीत जितक्या बायांची नावं आहेत, त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. समजा यादीत हजार बाया आहेत. सहाशे आल्या, त्यांतल्या चारशे नव्वद आडवीकडं गेल्या, तरी दुकान उघडं. पाचशे एक पाहिजेत. जी बाई आली नाही, ती न येताच उभ्या बाटलीला मत देऊन जाते.

मी ती यादी मागवली. दोन रात्री बहिणीच्या ओट्यावर बॅटरीच्या उजेडात तिच्या सोबतिणींना एकेक नाव वाचून दाखवलं. "ही?" "ही तर मेली, तीन पावसाळे झाले." "ही?" "ती लग्न होऊन उच्छलकडं गेली." "ही?" "ती बारडोलीकडं, उसाला." आमच्या भागातली निम्मी गावं दिवाळीनंतर ऊस तोडायला गुजरातेत जातात ती होळीला परत येतात. माघात गावात म्हातारी माणसं, पोरं आणि कोंबड्या. अशी नावांपुढं खुणा करत गेलो. मेलेल्या बाया, सासरी गेलेल्या मुली, उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या सुना, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या गेल्या होत्या. त्यांतल्या एकीलाही कोणी विचारलं नव्हतं. आणि यादीत माझ्या भाच्याची बायको होती. मतदानाच्या दिवशी तीही फडावर होती. नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल ती फेडत होती.

तेव्हा बहीण म्हणाली, "म्हणजे आपल्याला दुकानाशी नाही, यादीशी भांडायचं आहे."

पुढचं वर्ष त्यांनी तेच केलं. मेलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या बायांची नावं काढण्यासाठी सात नंबरचे अर्ज भरले. अर्ज भरायला माझी सून दोन रविवार जाऊन बसली. मेलेल्यांचे दाखले काढायला ग्रामपंचायतीत खेटे घातले. नव्यानं आलेल्या सुनांची नावं घातली. आणि मतदानाची तारीख आपल्या हातात नसली तरी अर्ज कधी द्यायचा ते आपल्या हातात असतं, हे ओळखून असा दिला की मतदान होळीनंतर यावं. फडावरची माणसं तेव्हा गावात असतात, हातात थोडे पैसे असतात, आणि त्या पैशाचं दुकानात काय होतं तेही बायांच्या डोळ्यांसमोर असतं. दुसऱ्या वेळी आडवी बाटली निम्म्याच्या पुढं गेली. सतरा मतांनी. भाच्याची बायको त्या सतरांत होती असं बहीण म्हणते. तसं म्हणायला काही आधार नाही, मतदान गुप्त असतं. पण मी तिला अडवत नाही.

दुकानाला कुलूप लागलं. म्हणून दारू संपली का? नाही. हातभट्टीला परवानाच नाही, मग तिला मतदान कसलं? आणि तीन मैलांवर दुसरं दुकान आहे. मी बहिणीला विचारलं तर म्हणाली, "जाणारे जातात दादा. पण आता चालत जावं लागतं. अर्धे वाटेतच कंटाळतात. आणि पोरांच्या शाळेच्या वाटेवर ती पाटी नाही."

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. बाटली आडवी करायला गावातल्या निम्म्याहून जास्त बाया लागतात, मेलेल्या आणि परगावी गेलेल्या धरून. आणि आमदार, खासदार व्हायला? आलेल्यांतल्याही निम्म्यांची गरज नाही. दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त बस्स. आडव्या बाटलीचं माप या लोकांना लावलं, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्यांची मतं मिळवा म्हटलं, तर विधानसभेतल्या किती खुर्च्या भरतील? एक दुकान बंद करायचं तर सरकारला इतकी खात्री लागते, आणि पाच वर्षं राज्य चालवायला द्यायचं तर इतकी थोडी पुरते. बायांचं 'नाही' तोलायचा काटा वेगळा आणि पुढाऱ्यांचं 'हो' तोलायचा काटा वेगळा. आम्ही मका विकायला जातो तेव्हा व्यापाऱ्याकडं असे दोन काटे सापडले तर आम्ही पोतं खाली ठेवत नाही.

कोणी म्हणेल, निम्म्याची अट लावली तर निवडणुकाच होत राहतील. असेलही. मी काही कायदेपंडित नाही. पण माझ्या सुनेसारखे आकडे लिहायला दिले तर एकाच दिवसात काम होतं, हे मी घरात पाहिलंय. ग्रामपंचायतीला नोटाचा जो नियम आहे तो आमदारकीला लावला तर काय बिघडेल? आणि एकच अर्ज आला तरी यंत्र गावात येऊ द्या. त्यावर एक त्याचं बटण आणि एक खालचं. गाव खरंच एकमताचं असेल तर खालचं बटण कोणी दाबणार नाही, मग भीती कसली?

माझा मुलगा मला विचारतो, "मग बाबा, नोटा दाबू की नको?" मी त्याला हो म्हणत नाही आणि नको म्हणत नाही. सांगतो एवढंच, की बटण दाबायच्या आधी ते मोजतात कसं ते विचारून घे. ग्रामपंचायतीला ते दाबलं तर निवडणूक उलटू शकते. आमदारकीला दाबलं तर फक्त नोंद होते. आणि घरी बसलास तर कुठं काहीच होत नाही, कुठं तू बाटलीवाल्याच्या बाजूला मोजला जातोस. राग एकच असला तरी प्रत्येक ठिकाणी त्याचं वजन निराळं भरतं.

आमच्या गावात आता दर वर्षी हिवाळ्यात नवी यादी आली की मी ती मागून घेतो. उसाला गेलेले होळीला परतले की संध्याकाळी चार माणसं, चार बाया जमतात, आणि मी एकेक नाव मोठ्यानं वाचतो. कोणी म्हणतं 'आहे', कोणी म्हणतं 'गेली', कोणी म्हणतं 'माझ्या सुनेचं नाव कुठाय?' मी पेन्सिलीनं खुणा करतो. बहीण आली असेल तर तीही बसते. तिला वाचता येत नाही, पण गाव कोणतंही असो, मेलेल्या माणसाचं नाव आलं की ती आधी मला विचारते, "काढलं का नाही अजून?"